कमी जागेच्या लॅपटॉपवर विंडोजसोबत लिनक्स

विंडोज आणि लिनक्स या दोन ऑपरेटिंग सिस्टीम एकाच लॅपटॉपवर बसवून चालू करताना हवी ती निवडण्याच्या व्यवस्थेला ड्युअल बूट म्हणतात. एका वेळी एकच सिस्टीम चालते, त्यामुळे प्रोसेसर आणि रॅम तिला पूर्णपणे मिळतात. वाटणी होते ती फक्त डिस्कची, आणि एकदा केलेली वाटणी नंतर बदलणे वेळखाऊ आणि जोखमीचे असते. 1 टीबीच्या डिस्कवर अंदाज चुकला तरी निभावते. 128 जीबीच्या डिस्कवर तीच चूक काही महिन्यांत ‘जागा शिल्लक नाही’ या सूचनेच्या रूपाने समोर येते. म्हणून अशा लॅपटॉपवर इन्स्टॉलेशनपेक्षा त्याआधीचा हिशेब महत्त्वाचा.

ड्युअल बूटची गरज अलीकडे वाढली आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागत असल्याने चांगले चालणारे अनेक लॅपटॉप मागे राहिले. त्यांवर रोजच्या कामासाठी लिनक्स हा उत्तम पर्याय आहे. पण विंडोज पूर्णपणे काढून टाकणे प्रत्येकाला परवडत नाही. छापखान्यात श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर काम चालते, दुकानाचा हिशेब टॅलीत असतो, एखादा जुना प्रिंटर फक्त विंडोजलाच ओळखतो. अशा वेळी विंडोज त्या कामापुरते ठेवून बाकी सगळे लिनक्सवर नेणे शहाणपणाचे ठरते. सपोर्ट संपलेल्या विंडोजमधून बँकेचे व्यवहार आणि ईमेल मात्र करू नयेत. ती कामे लिनक्सच्या बाजूलाच ठेवावीत.

आता जागेचा हिशेब. डिस्क बनवणारी कंपनी एक जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरते, तर विंडोज 1024 च्या पटीत मोजते. त्यामुळे 128 जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे 119 जीबी दिसते, 256 ची 238 आणि 64 ची जेमतेम 60. यातून बूटसाठीचे ईएसपी पार्टिशन आणि विंडोजचे रिकव्हरी पार्टिशन मिळून एक-दीड जीबी वजा होतो. अपडेट झालेले विंडोज 11 स्वतःसाठी साधारण 30 ते 40 जीबी घेते. त्यावर ऑफिस, ब्राउझर, टॅली अशी नेहमीची सॉफ्टवेअर आली की आकडा 45 च्या आसपास जातो. शिवाय विंडोजच्या मोठ्या अपडेटला 20 जीबीच्या आसपास मोकळी जागा लागते. ती नसेल तर अपडेट अर्ध्यावर थांबते आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. इथे निवडलेल्या लिनक्स मिंट या वितरणाची किमान अट 20 जीबीची आहे. प्रत्यक्षात इन्स्टॉल झाल्यावर दहा-बारा जीबी भरतात, पण अपडेट, ब्राउझरचा साठा आणि चार सॉफ्टवेअर धरून 35 जीबी दिले तर वर्षानुवर्षे अडचण येत नाही. 119 मधून हे सगळे वजा केल्यावर स्वतःच्या फाइलींसाठी साधारण 17 जीबी उरतात. कागदपत्रांना तेवढे पुरेसे आहेत. लग्नाचे व्हिडिओ आणि मोबाइलमधून उतरवलेले फोटो मात्र बाहेरच्या डिस्कवरच ठेवावे लागतील, आणि हे आधीच मान्य करून पुढे जावे.

यावरून मर्यादाही स्पष्ट होते. 256 जीबीवर दोन सिस्टीम आरामात नांदतात. 128 जीबीवर शिस्त पाळली तर चालतात. 32 किंवा 64 जीबीची ईएमएमसी ही साठवण चिप असलेल्या स्वस्त लॅपटॉपवर आतल्या जागेत दोन्ही बसवू नयेत. विंडोज 11 ची स्वतःची किमान अटच 64 जीबीची आहे. तिथे एक तर विंडोज काढून फक्त लिनक्स ठेवावे किंवा लिनक्स बाहेरच्या एसएसडीवर बसवावे. ईएमएमसी मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, ती बदलता येत नाही. एसएसडी किंवा जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये मात्र ती बदलता येते. म्हणून सगळ्यात आधी लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती काढून डिस्क बदलता येते का, दुसरी डिस्क लावायला जागा आहे का, ते पाहावे. मोठी एसएसडी घालता येत असेल तर खर्च तिथेच करावा. पुढची बरीच काटकसर वाचते.

पार्टिशन न करताही लिनक्स वापरता येते, आणि काहींना तेच पुरेसे असते. विंडोजमध्येच चालणारे डब्ल्यूएसएल 2 हे प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सोयीचे आहे. मात्र त्याची आभासी डिस्क फाइली वाढतील तशी फुगते आणि फाइली पुसल्या तरी आपोआप आकसत नाही. विंडोजच्या आत आभासी संगणक चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स चालवले तर दोन्ही सिस्टीम एकाच वेळी रॅम वापरतात, त्यामुळे 4 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तो प्रयोग करू नये. बाहेरची एसएसडी हा कमी जागेवरचा खरा उपाय आहे. यूएसबी 3 च्या पोर्टवर ती रोजच्या कामाला पुरेशी वेगवान असते आणि विंडोजच्या डिस्कला हात लावावा लागत नाही. साधा पेन ड्राइव्ह कायमच्या वापरासाठी घेऊ नये. बारीक बारीक फाइली लिहिताना तो फार मंदावतो आणि सततच्या लिहिण्याने लवकर खराबही होतो. बाहेरच्या एसएसडीवर इन्स्टॉल करताना एक काळजी घ्यावी लागते. मिंटचा इन्स्टॉलर बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, आतल्या डिस्कच्या ईएसपीत ठेवू शकतो. मग एसएसडी काढल्यावर लॅपटॉप अडतो आणि ती दुसऱ्या लॅपटॉपला लावल्यावर चालत नाही. बायोसमध्ये आतली डिस्क तात्पुरती बंद करण्याची सोय असेल तर ती बंद करूनच इन्स्टॉलेशन करावे.

आतल्या डिस्कवरच दोन्ही ठेवायचे ठरले तर कोणते लिनक्स घ्यावे? पुढील पायऱ्या लिनक्स मिंट 22 धरून दिल्या आहेत. ही आवृत्ती उबुंटू 24.04 वर आधारलेली असून तिला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. उबुंटूतली स्नॅप पद्धतीची पॅकेजे मिंटमध्ये मुळात बंद असतात, आणि कमी जागेवर हा मोठा फायदा आहे. स्नॅप प्रत्येक सॉफ्टवेअरची मागची आवृत्तीही डिस्कवर राखून ठेवते. रॅम 4 जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती निवडावी, 8 जीबी असेल तर सिनॅमन.

पहिले काम बॅकअपचे. महत्त्वाच्या सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून त्या उघडतात की नाही हेही पाहावे. त्यानंतर बिटलॉकरकडे, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनकडे वळावे. अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करताच डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू दिसले तर 48 अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवावी. बायोसमध्ये काही बदलले की विंडोज ही की मागते; ती हाताशी नसेल तर सगळ्या फाइली कुलपात अडकतात. मिंटच्या बाजूने विंडोजच्या फाइली वाचणे सोपे जावे असे वाटत असेल तर एन्क्रिप्शन बंद करून डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्यावी. लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्याने मात्र ते चालूच ठेवावे. चोरी झाल्यास तोच आधार असतो.

मग विंडोजमधली अडगळ काढावी. ‘डिस्क क्लीनअप’मधला सिस्टीम फाइल्सचा पर्याय जुन्या अपडेटच्या फाइली काढतो. विंडोज नुकतेच नव्या आवृत्तीवर गेले असेल तर विंडोज डॉट ओल्ड हा फोल्डर कितीतरी जीबी अडवून बसलेला असतो. एरवी सर्वांत मोठा नफा हायबरनेशन बंद केल्याने होतो. त्याची फाइल रॅमच्या सुमारे 40 टक्के असते, म्हणजे 8 जीबी रॅमवर तीनेक जीबी. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी ही आज्ञा हायबरनेट ऑफ या पर्यायासह दिली की फाइल जाते आणि तिच्यासोबत ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद होते. ते बंद होणे ड्युअल बूटसाठी आवश्यकच आहे. फास्ट स्टार्टअप चालू असताना विंडोज बंद केले तरी ते अर्धवट झोपलेले असते. त्या अवस्थेत लिनक्सने त्याच्या पार्टिशनवर लिहिले तर फाइली खराब होऊ शकतात. विंडोज त्यानंतरही अवजड वाटत असेल तर कॉम्पॅक्ट ओएस ही सोय त्याच्या स्वतःच्या फाइली दाबून आणखी दोनेक जीबी मोकळे करते.

आता पार्टिशन लहान करायचे. हे काम विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मधूनच करावे, लिनक्सच्या इन्स्टॉलरवर सोपवू नये. सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडले की किती एमबी कमी करायचे ते विचारले जाते. 35 जीबी म्हणजे तिथे 35840 हा आकडा. इथे अनेकांना धक्का बसतो: ड्राइव्हवर 60 जीबी मोकळे असतात आणि विंडोज फक्त आठ-दहा जीबी देऊ करते. कारण असे, की पेज फाइल, सिस्टीम रिस्टोअरच्या नोंदी अशा काही फाइली चालू विंडोजला जागेवरून हलवता येत नाहीत आणि त्यांपैकी एखादी ड्राइव्हच्या अगदी शेवटी बसलेली असते. तिच्या अलीकडे पार्टिशन आणता येत नाही. सिस्टीम रिस्टोअर आणि पेज फाइल तात्पुरती बंद करून, लॅपटॉप रीस्टार्ट करून पुन्हा प्रयत्न केला की आकडा बहुधा पुरेसा वाढतो. तरीही अडले तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधल्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये डीफ्रॅगची 259 क्रमांकाची नोंद पाहावी; नेमकी कोणती फाइल आडवी आली आहे तिचे नाव तिथे लिहिलेले असते. काम झाल्यावर पेज फाइल पुन्हा चालू करायला विसरू नये. मोकळी झालेली जागा काळ्या पट्टीत ‘अनअलोकेटेड’ म्हणून दिसते. तिच्यावर विंडोजमधून नवे पार्टिशन बनवू नये, ती तशीच ठेवावी.

मिंटची आयएसओ फाइल उतरवून ती रूफस किंवा बलेना एचर वापरून 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवावी. पेन ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते. लॅपटॉप सुरू होताना बूट मेनूची की दाबावी लागते. डेल आणि लेनोव्होत बहुधा एफ12, एचपीत एफ9, असूसमध्ये एस्केप. पेन ड्राइव्हवरून सुरू झालेले मिंट काहीही इन्स्टॉल न करता वापरून पाहता येते, आणि ही पायरी कधीही गाळू नये. वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का, टचपॅड नीट चालतो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, हे अर्धा तास खर्च करून इथेच पाहून घ्यावे. जे इथे चालत नाही ते इन्स्टॉल केल्यावर आपोआप सुरू होईल अशी आशा धरू नये.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर बहुधा बायोसमध्ये इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी चालू असते आणि ते बदलून एएचसीआय करावे लागते. हा बदल थेट केला तर विंडोज सुरू होत नाही. आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिगमधून सेफ मोडची खूण करावी, मग बायोसमधला बदल करावा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्यावे आणि मगच ती खूण काढावी. क्रम महत्त्वाचा आहे.

इन्स्टॉल करताना ‘इरेझ डिस्क’ हा पर्याय चुकूनही निवडू नये. तो विंडोजसह सगळे पुसतो. ‘अलाँगसाइड विंडोज’ हा पर्याय सोपा आहे, पण कमी जागेवर सगळा ताबा आपल्याकडे ठेवणारा ‘समथिंग एल्स’ हाच पर्याय घ्यावा. पुढे दिसणाऱ्या यादीत ‘फ्री स्पेस’ शोधावी. तिचा आकडा विंडोजमध्ये लिहिलेल्या 35840 शी जुळत नाही, सुमारे 37580 दिसतो. घाबरण्याचे कारण नाही. इन्स्टॉलर हजाराच्या पटीत मोजतो एवढाच फरक आहे. या मोकळ्या जागेवर एक्सट4 प्रकारचे एकच पार्टिशन करावे आणि माउंट पॉइंट म्हणून तिरकी रेघ, म्हणजे रूट, निवडावा. होमसाठी वेगळे पार्टिशन करण्याचा सल्ला जुन्या पुस्तकांतून दिलेला असतो. मोठ्या डिस्कवर तो चांगलाच आहे, पण 35 जीबीचे दोन तुकडे केले की एक भरतो आणि दुसऱ्यात जागा पडून राहते. स्वॅपचेही वेगळे पार्टिशन नको. इन्स्टॉलर रूटमध्येच स्वॅप फाइल बनवतो. ईएसपी हे शंभर ते काहीशे एमबीचे फॅट32 पार्टिशन यादीत आधीच असते. लिनक्सचा बूटलोडर त्यात काही एमबी घेतो. ते फॉरमॅट करण्याची खूण लागलेली नाही याची खात्री करावी, कारण विंडोजचा बूटलोडरही तिथेच राहतो.

सिक्युअर बूट बंद करण्याची सहसा गरज पडत नाही; मिंटचा बूटलोडर मायक्रोसॉफ्टच्या सहीने चालतो. काही नव्या लॅपटॉपमध्ये बायोसमधला ‘थर्ड पार्टी सीए’ हा पर्याय मुळात बंद असतो, तेवढा चालू करावा लागतो. एनव्हिडियासारखे बाहेरचे ड्रायव्हर घेतले तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर ‘एनरोल मॉक’ असा पर्याय येतो. तो काही सेकंदांत निघून जातो आणि मग ड्रायव्हर चालत नाही, म्हणून त्या वेळी लॅपटॉपसमोरच बसून राहावे.

पहिल्याच दिवशी घड्याळाचा घोटाळा दिसतो. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवते, विंडोज ती स्थानिक वेळ समजते. परिणामी भारतात विंडोजचे घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडते. मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेने मदरबोर्डवरचे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितले की प्रश्न मिटतो.

मिंटला विंडोजचे एनटीएफएस पार्टिशन वाचता येते आणि त्यावर लिहिताही येते; विंडोजला एक्सट4 आपणहून वाचता येत नाही. म्हणून दोन्हीकडे लागणाऱ्या फाइली विंडोजच्या पार्टिशनवरच एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात. सामाईक फाइलींसाठी तिसरे पार्टिशन करणे 128 जीबीवर परवडत नाही. मराठी टाइप करण्यासाठी जास्तीची जागा लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही लेआउट आहेत. श्री-लिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर मात्र त्या फाँटशिवाय नुसती चिन्हे दाखवतो. तो विंडोजमध्येच युनिकोडमध्ये बदलून मग इकडे आणावा.

पुढचे सगळे जागा राखण्याचे काम आहे. मिंट टाइमशिफ्टने सिस्टीमचे स्नॅपशॉट घ्यायला सुचवते. सोय उत्तम आहे, पण त्याच 35 जीबीवर स्नॅपशॉट ठेवले तर काही आठवड्यांत पार्टिशन भरते. ते बाहेरच्या डिस्कवर घ्यावेत किंवा एकच ठेवावा, मोठ्या अपडेटच्या आधी घेतलेला. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकच प्रोग्रॅम सिस्टीम पॅकेज आणि फ्लॅटपॅक अशा दोन रूपांत दिसतो. सिस्टीम पॅकेज निवडावे. पहिले फ्लॅटपॅक घेतले की त्याच्यासोबत एक-दोन जीबीचा पायाभूत साठा येतो, आणि लहानशा प्रोग्रॅमसाठी ते परवडणारे नाही. जुने कर्नल आपोआप काढण्याचा पर्याय अपडेट मॅनेजरमध्ये चालू करावा. एपीटी या पॅकेज व्यवस्थापकाच्या क्लीन आणि ऑटोरिमूव्ह या आज्ञा महिन्यातून एकदा चालवाव्यात, आणि सिस्टीमच्या नोंदींच्या जर्नलचा आकार 100 एमबीवर बांधून टाकावा. एक्सट4 स्वतःसाठी 5 टक्के जागा राखून ठेवते, म्हणजे 35 जीबीवर पावणेदोन जीबी. ट्यून2एफएसने ती 1 टक्क्यावर आणता येते.

विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर निवडीचा मेनू न येता थेट विंडोज सुरू होऊ लागले, तर लिनक्स गेलेले नसते. बायोसमध्ये बूटचा क्रम बदललेला असतो, तो पूर्ववत करावा. तिथे मिंटची नोंद बहुधा ‘उबुंटू’ या नावाने असते, तिला वर आणावे. ऑगस्ट 2024 मधल्या विंडोजच्या सुरक्षा अपडेटने काही ड्युअल बूट संगणकांवर लिनक्सचा बूटलोडरच नाकारला होता. तसे झाल्यास सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समध्ये जावे, सगळी अपडेट घ्यावीत आणि मग ते पुन्हा चालू करावे. मिंटचा पेन ड्राइव्ह पुसून न टाकता कपाटात ठेवला तर अशा प्रसंगी फाइली काढून घ्यायलाही उपयोगी पडतो.

लिनक्स काढून टाकायचे ठरले तर आधी बायोसमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या क्रमांकावर आणावा. हे न करता पार्टिशन पुसले तर लॅपटॉप ‘ग्रब’ या लिनक्सच्या बूटलोडरच्या काळ्या पडद्यावर अडकतो. त्यानंतर डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचे पार्टिशन डिलीट करून सी ड्राइव्ह ‘एक्स्टेंड’ करावा. मोकळी जागा सी ड्राइव्हच्या लगेच पुढे आणि रिकव्हरी पार्टिशनच्या अलीकडे असल्याने ती सरळ जोडली जाते. ईएसपीत उरलेला उबुंटू नावाचा फोल्डर माउंटव्हॉल आज्ञेने ते पार्टिशन उघडून पुसता येतो. तो काही एमबींचाच असतो, राहिला तरी विंडोजला त्याचा त्रास होत नाही.